येझदी पुढं, मी मागं : सोलापूर ते सोलापूर, तीन दिवस

दिवाळीत जेवणं झाल्यावर मी मामांना माझ्या नव्या गाडीची माहिती वाचून दाखवत होतो. फ्युएल इंजेक्शन, दोन्ही चाकांना डिस्क, जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारं एबीएस, एलईडी दिवा, ट्यूबलेस टायर. मामा सुपारी कातरत निमूट ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "वाचून झालं का सगळं? आता गाडी काढायची कधी, ते सांग बे."

त्यातून ही सफर ठरली. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेची, म्हणजे गड्ड्याची गर्दी सुरू व्हायच्या आधी, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. सोलापूरहून तुळजापूर, नळदुर्ग, अक्कलकोट, दुसऱ्या दिवशी विजापूर, तिसऱ्या दिवशी मंगळवेढा-पंढरपूर करून घरी. आम्ही दोघंच. मामांची येझदी रोडकिंग, १९८४ ची. माझी साडेतीनशे सीसीची, दीड वर्षाची. माझ्या गाडीच्या कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढं तिची एक फजिती सांगायची आहे आणि त्यात खरा दोष चिखलाचा होता.

मामांचं वय एकाहत्तर. आधी गिरणीत आणि गिरणी बंद पडल्यावर यंत्रमागाच्या कारखान्यांत फिटर म्हणून त्यांचा जन्म गेला. येझदी त्यांनी पाच वर्षं वापरलेली घेतली. तिचा नंबर एमएच-१३ यायच्या आधीचा, तीन अक्षरी. त्या नंबराला आता नियमाप्रमाणे हाय सिक्युरिटी प्लेट बसलीय. म्हाताऱ्या माणसाला कवळी बसवल्यासारखी ती एकच वस्तू गाडीवर लखलखते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या बनू लागल्या. १९७३ पासून त्यांना येझदी हे नाव मिळालं आणि १९९६ ला कारखाना बंद झाला. अडीचशे सीसी, टू-स्ट्रोक म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारी, एकच सिलिंडर पण सायलेन्सर दोन. जावा हे नाव २०१८ ला आणि येझदी २०२२ ला पुन्हा बाजारात आलं, पण त्या गाड्या फोर-स्ट्रोक. मामांच्या लेखी त्या 'नावाच्या येझदी'.

पहिला दिवस : तुळजापूर, नळदुर्ग, अक्कलकोट

पहाटे साडेसहाला निघालो. सोलापुरात थंडी म्हणजे काय, हे पुण्याच्या लोकांना सांगून उपयोग नाही, पण त्या दिवशी खरंच गारठा होता. मी बटण दाबलं, गाडी सुरू. इंजेक्शनच्या गाडीला थंडीचं काही सोयरसुतक नसतं. मामांचं मात्र आन्हिक चाललं होतं. आधी पेट्रोलचा कॉक उघडला. टाकी हलवून कानानंच पेट्रोलचा अंदाज घेतला, कारण काटा वगैरे भानगड नाही. मग चोक. मग गिअरची दांडी पायानं आत दाबून वर फिरवली. येझदीत गिअर आणि किक एकच. पहिली किक कोरडी गेली, दुसरीला गाडी बोलली. सगळ्या बोळात धूर झाला. समोरच्या काकूंनी दोरीवर घातलेली धुणी तशीच उचलून आत नेली. सवयीची गोष्ट असावी, काही बोलल्या नाहीत.

रूपाभवानीवरून तुळजापूर रोडला लागलो. वीसेक मिनिटांत माझ्या लक्षात आलं की मी चुकीच्या जागी आहे. मला ऐंशीनं जायची सवय, आणि मामा येझदी साठ-पासष्टच्या वर नेत नाहीत. पुढं गेलो की थांबावं लागायचं, मागं राहिलो की टू-स्ट्रोकचा धूर नाकात. शेवटी 'येझदी पुढं, मी मागं, पण चार टेलर सोडून' असा तह झाला. टेलर म्हणजे ट्रेलर, आपल्याकडं तेच म्हणतात.

तुळजापूरचा घाट तसा लहानच. माझी गाडी गिअर न बदलता चढली. येझदीला तिसऱ्यावर यावं लागलं, पण आवाज असा सुरेल की मी हेल्मेटची काच वर करून ऐकत राहिलो. वर पोचल्यावर मामांनी गाडी लावली, इंजिनाजवळ तळहात धरला आणि म्हणाले, "दर्शनाला जाऊन येऊ. तोवर हीबी दम खाईल." आई भवानीच्या दारात आमच्यापेक्षा जास्त विश्रांती येझदीला मिळाली.

नळदुर्गला पाणी नव्हतं. जानेवारीत नसतंच. नर-मादी धबधबे बघायचे तर पावसाळ्यात, बोरी नदी भरून वाहत असताना या. पण कोरडा असताना किल्ल्याची एक गंमत कळते. आदिलशाहीत नदीवर आडवा बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल काढलाय, ते बांधकाम नीट दिसतं. मामा त्या भिंतीपाशी बराच वेळ उभे होते. पाणी कुठून वर यायचं, कुठून पडायचं, हे बोटानं हवेत काढत होते. चाळीस वर्षं मशिनी उघडलेल्या माणसाला इतिहासात एवढाच रस.

गाड्या लावल्या होत्या तिथं विशीतला एक पोरगा येझदीभोवती फिरत होता. "काका, नवीन येझदी हाय ना ही? जुन्यासारखी करून घेतली का?"

मामांनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "जुनीच हाय रे. जुन्यासारखीच ऱ्हायलीय."

पोरगा खजील झाला, पण हटला नाही. गिअरचीच किक कशी होते ते त्याला बघायचं होतं. मामांनी त्याच्याकडून तीनदा किक मारून घेतली. माझी गाडी शेजारीच उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही, आणि खोटं कशाला बोलू, मला ते जरा लागलं.

अक्कलकोटला दुपारी तीनच्या सुमारास पोचलो. वटवृक्ष मंदिरात दर्शन, रात्री अन्नछत्रात प्रसाद, भक्तनिवासात खोली. भात-आमटीला जी चव होती ती दिवसभराच्या उन्हाची असावी. संध्याकाळी मामा दर्शनाच्या रांगेत असताना येझदीत पेट्रोल भरायचं काम माझ्याकडं आलं. ते मी कसं केलं, हे दुसऱ्या दिवशी कळणार होतं.

*जुनी टू-स्ट्रोक घेऊन निघणाऱ्यांसाठी :* ऑइल सोबत न्या. पूर्वी प्रत्येक पंपावर मिक्स पेट्रोल मिळायचं, आता मिळेलच असं नाही. मामा लिटरला ४० मिली घालतात. मापाची बाटली ठेवा, अंदाजानं ओतू नका. शिवाय दोन प्लग, कंडेन्सर, क्लचची आणि ॲक्सिलरेटरची केबल, पॉलिश पेपर आणि एक जुनी ट्यूब. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं. आरसी आणि पीयूसीची तारीख निघायच्या आधीच बघा, कारण परराज्यात थांबवतील ते जुन्याच गाडीला.

दुसरा दिवस : अक्कलकोट, हत्तरसंग कुडल, विजापूर

वळसंगच्या अलीकडं येझदी पांढरा लोट सोडत दोन गचके खाऊन थांबली. मामांनी प्लग काढला. काळाकुळकुळीत आणि ओला. त्यांनी तो माझ्या नाकाखाली धरला.

"ऑइल किती घातलास?"

"पाच लिटर पेट्रोल घेतलं, दोन बाटल्या घातल्या. दोनशे-दोनशे मिलीच्या."

"दोन कशाला बे?"

"एकीनं पुरेल का नाही, अशी शंका आली."

मामांनी कपाळाला हात लावला नाही की आवाज चढवला नाही. प्लग रुमालानं पुसला, पॉलिश पेपरनं टोक घासलं, फुंकर मारून परत बसवला. मग शांतपणे हिशेब सांगितला : चारशे मिली ऑइल म्हणजे दहा लिटरचा घास. तेव्हा आणखी पाच लिटर साधं पेट्रोल घातलं की चूक मिटली. धूर काढत पंपापर्यंत गेलो आणि पेट्रोल घातल्यावर खरंच मिटली. माझ्या गाडीत चुकीचं काही पडलं असतं तर टाकी उतरवायला सेंटर गाठावं लागलं असतं, असं मी म्हणालो. मामा म्हणाले, "तुझ्या गाडीत तू काय घालणारच नव्हतास की."

सोलापूरला फक्त चहापुरतं टेकलो आणि विजापूर रोडला लागलो. इथं मामांनी गाड्यांच्या किल्ल्यांची अदलाबदल केली. "आज तू हिच्यावर बस. नुसतं मागनं बघून काय कळतंय?"

लहानपणी मी येझदीच्या टाकीवर बसून फिरलोय, पण स्वतः शंभर किलोमीटर कधी चालवली नव्हती. पहिली गोष्ट कळली ती वजनाची. माझी गाडी जवळजवळ दोनशे किलोची. येझदी हातात घेतली तर सायकल घेतल्यासारखं वाटलं. दुसरी गोष्ट क्लचची. मामा म्हणाले होते, गिअर टाकताना क्लच दाबला नाहीस तरी चालेल, गिअरच्या दांडीनंच क्लच सुटतो. मला खोटं वाटलं. शहर सोडल्यावर करून पाहिलं आणि खरंच गिअर पडला. चाळीस वर्षांपूर्वीच्या गाडीत ही सोय होती आणि आज काही नव्या गाड्यांत क्विक-शिफ्टर म्हणून मिरवतात. तंत्र वेगळं आहे, मान्य, पण डावा हात मोकळा तो मोकळाच.

तिसरी गोष्ट ब्रेकची, आणि इथं माझं कौतुक संपलं. माझ्या गाडीत ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनच गाडीला धरतं. टू-स्ट्रोकला ती पकड नसल्यातच जमा. हात सोडला तरी गाडी आपली चाललीच आहे, कुणाचं ऐकत नसल्यासारखी. त्यात ड्रमचे ब्रेक. उजवा हात आणि उजवा पाय दोन्ही दाबले तरी ती थांबायचा नुसता विचार सुरू करते. पहिल्याच गतिरोधकावर मी विमानासारखा उडालो. उतारावर आणखी एक पथ्य : ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून लांब घरंगळायचं नाही, मधून मधून थोडा पिळायचा. ऑइल पेट्रोलमधूनच जातं, पेट्रोल तुटलं की पिस्टन कोरडा पडतो. म्हणजे गाडी थांबवायची असतानाही तिला थोडं पाजत राहायचं.

तासाभरानं मात्र एक बदल झाला. मी रस्ता वेगळा बघायला लागलो. समोरच्या ट्रकच्याही पुढचा ट्रक, बांधावरची शेळी कुठं तोंड करून उभी आहे, फाट्यावरचा ट्रॅक्टरवाला मान वळवतोय का. माझ्या गाडीवर मी हे बघत नाही, कारण बघायची गरज पडत नाही. आरशात मामा दिसत होते. माझ्या गाडीवर ताठ बसलेले, चेहरा निर्विकार. टाकळीला भीमेच्या पुलाअलीकडं थांबलो तेव्हा विचारलं, कशी वाटली?

"झ्याक हाय. ब्रेक लई भारी." मग थोडं थांबून म्हणाले, "इंजिन काय म्हणतंय ते कळत न्हाई पण. सगळं बरं हाय, बरं हाय, एवढंच म्हणतंय."

विजापूर रोड सोडून आत गेलं की हत्तरसंग कुडल लागतं. भीमा आणि सीना जिथं मिळतात ती जागा. सोलापूरकरांनीसुद्धा फार कमी पाहिलीय. मंदिरात मराठीतला एक फार जुना शिलालेख आहे, शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा : 'वाछि तो विजेया होइवा'. जो वाचील तो विजयी होईल. मामांनी चष्मा लावून अक्षरं शोधली. सापडली तेव्हा मोठ्यानं वाचली आणि मला म्हणाले, "वाचलं बे. आता येझदी काय बंद पडत न्हाई." जवळच ते प्रसिद्ध शिवलिंग आहे, सगळ्या अंगावर लहान लहान लिंगं कोरलेलं. संगमावर वारा होता आणि चिटपाखरू नव्हतं. अर्धा तास नुसते बसलो. इथं जाताना पाणी आणि खायला सोबत न्या, आत फार काही मिळत नाही.

पूल ओलांडला की कर्नाटक. पाट्या बदलतात, माणसं नाही. चहावाला माझ्याशी मराठीत, मामांशी कन्नडमध्ये आणि गिऱ्हाइकाशी हिंदीत एका दमात बोलला. मामांचं कन्नड फिटरखात्यातलं, त्यात अर्धे शब्द सुट्या भागांचे.

विजापूरला, म्हणजे २०१४ पासूनच्या विजयपुराला, आधी खानावळ. कडक जोळद रोट्टी, भरली वांगी म्हणजे तिथलं एण्णगाई, शेंगाचटणी, दही, कच्चा कांदा. शेंगाचटणी आमचीच भारी, हे मामांनी तिसरी रोट्टी मागवताना जाहीर केलं. मला विजापूरची जरा जास्त आवडली. हे वाक्य घरी वाचलं गेलं तर माझं काही खरं नाही.

गोल घुमटाचं बांधकाम १६५६ ला संपलं. आत मुहम्मद आदिलशहाची कबर. घुमटाचा बाहेरचा व्यास ४४ मीटर, मध्ये एकही खांब नाही. वरच्या सज्जात भिंतीशी कुजबुजलेलं पलीकडं ऐकू येतं. लोक तिथं शिट्ट्या मारतात, प्रेयसीची नावं घेतात. मामांनी पायऱ्या चढताना तीनदा दम खाल्ला आणि वर आल्यावर भिंतीला तोंड लावून येझदीचा आवाज काढला. ओठ थरथरवून, सुरू होण्यापासून चौथ्या गिअरपर्यंत. तो सगळ्या घुमटात फिरून परत परत येत राहिला. पलीकडं शाळेची सहल होती. ती पोरं आधी गप्प झाली आणि मग त्यांतल्या चाळीस जणांनी एकदम चाळीस गाड्या सुरू केल्या. रखवालदार आमच्याच दिशेनं निघालेला दिसल्यावर आम्ही सभ्य माणसांसारखे खाली उतरलो.

संध्याकाळी लॉजपाशी गाडी लावताना एक म्हातारे गृहस्थ रस्ता ओलांडून आले. पांढरी दाढी, बोटांच्या पेरांत न जाणारं काळं. "आवाज सुन के आया," म्हणाले. "प्वाइंट का ग्याप जादा है थोडा." मामांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. इतक्या वर्षांत त्यांच्या येझदीत कुणी खोट काढली नव्हती. कव्हर उघडलं, दोघं फूटपाथवर बसले. फट मोजायचा गेज नव्हता. म्हाताऱ्यांनी खिशातून एक मळकं व्हिजिटिंग कार्ड काढलं, ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटच्या फटीत सरकवून बघितलं, स्क्रू सैल करून केसभर हलवलं, पुन्हा कार्ड सरकवलं. कार्ड आत जावं, पण किंचित अडून जावं, असं माप. फट म्हणे चार दशांश मिलिमीटर हवी. किक मारली. मला आधीचा आणि नंतरचा आवाज सारखाच वाटला. त्या दोघांना नाही. पैसे त्यांनी घेतले नाहीत, चहा घेतला. मुलगा मोबाइलच्या दुकानात आहे आणि गॅरेजच्या जागी आता सिमेंटचं गोडाऊन झालंय, एवढं सांगून निघून गेले. मामा रात्री उशिरापर्यंत म्हणत होते, "ग्याप जास्त होताच. मला म्हायती होतं. हात पोचंना गेलाय आता."

तिसरा दिवस : मंगळवेढा, पंढरपूर, सोलापूर

उमदी, मरवडे करत मंगळवेढ्याकडं निघालो. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना शाळू छातीभर उभा, कणसं चिकात आलेली. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. पण त्या काळ्या रानात सकाळच्या उन्हात उभं राहिलं की मानांकनाची गरज वाटत नाही. दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांना मोकळी करणाऱ्या दामाजीपंतांचं हे गाव. धान्याचा विषय इथं तसाही हलका नसतो.

मामांच्या जुन्या सहकाऱ्याचं शेत गावाबाहेर. हुरड्याचं बोलावणं होतं. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव, त्यात कणसं खुपसलेली. भाजली की बाहेर काढून तळहातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि गरम, हिरवा, गोडसर हुरडा तोंडात. सोबत लसणाची चटणी, शेंगाचटणी, दही, गूळ. कणसं चोळायचं काम वहिनी इतक्या झपाट्यानं करत होत्या की आम्हाला फक्त खायचं काम उरलं. किती खाल्ला ते विचारू नका.

परतताना माझी गाडी अडली.

शेतातल्या वाटेवर पाटाचं पाणी फुटलं होतं. काळ्या मातीचा चिखल काय चीज आहे, हे या भागातल्यांना सांगायला नको. चाकाला धरतो तो सोडत नाही. दोन्ही गाड्या कशाबशा बाहेर काढल्या. डांबरीवर आल्यावर मी बटण दाबलं. सुरू. पहिला गिअर टाकला. बंद. पुन्हा सुरू, पुन्हा गिअर, पुन्हा बंद. सात-आठ वेळा. मोबाइलवर शोधलं तर बारा कारणं निघाली. मदतीच्या नंबरवर फोन केला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली की गाडी उचलून सोलापूरला आणावी लागेल, वाहन दुपारनंतर मिळेल.

मामा रस्त्याकडेच्या दगडावर बसून ऐकत होते. फोनवरचं नव्हे, गाडीचं. म्हणाले, "परत कर." मी केलं. "अजून एकदा." केलं.

"इंजिनाला काय झालं न्हाई. मरताना तडफडत न्हाई ते. कुणीतरी त्याला 'बंद हो' म्हणतंय आन् ते बंद होतंय. कोण म्हणतंय ते बघ."

मग त्यांनी यंत्रमागाचं सांगितलं. ऑटोमॅटिक मागावर ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ पत्ती लोंबत असते. धागा तुटला की पत्ती खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. पण कधी कधी धागा शाबूत आणि माग थांबलेला. नवा माणूस मोटर उघडून बसतो. जुना माणूस आधी पत्त्यांत अडकलेला कापूस फुंकून काढतो. "थांबणारं बिघडत न्हाई बे, थांबवणारं बिघडतंय."

गिअर टाकल्यावर बंद व्हायला सांगणारं माझ्या गाडीत काय आहे? साइड स्टँड. स्टँड खाली असताना गिअर टाकला तर इंजिन बंद पडतं, सुरक्षेसाठी. मी वाकून पाहिलं. स्टँड वर होता, पण त्याच्या खुंटीशी असलेल्या बारक्या स्विचभोवती काळ्या मातीचा लाडू थापला होता. समोरच्या पडद्यावर स्टँडचं चिन्ह मगापासून पेटलेलं होतं, मीच ते पाहिलं नव्हतं. बिसलेरीची अर्धी बाटली त्यावर ओतली, काडीनं माती काढली, स्टँड दहा वेळा खाली-वर केला. चिन्ह विझलं. गिअर टाकला. गाडी निघाली.

मामांनी यावर काही टोमणा मारला नाही. तोच जास्त बोचला.

*नव्या गाडीवाल्यांसाठी :* पडद्यावरची चिन्हं काय सांगतात ते एकदा पुस्तकातून पाठ करा. चिखलातून आल्यावर साइड स्टँडचा स्विच आणि एबीएसच्या सेन्सरजवळचा भाग साध्या पाण्यानं धुवा. प्रेशरनं मारू नका, पाणी आत शिरतं. आणि ट्यूबलेसचं पंक्चर किट गाडीतच ठेवा, घरच्या कपाटात त्याचा उपयोग नाही.

पंढरपूरला कळसाचं दर्शन घेतलं, नामदेव पायरीला हात लावला आणि निघालो. दिवस कलायला लागला होता आणि तीच एक धास्ती होती. उसाचा हंगाम. साखर कारखान्यांच्या बाबतीत आमचा जिल्हा राज्यात आघाडीवर. संध्याकाळनंतर या रस्त्यांवर दोन दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर निघतात. वर डोंगराएवढा ऊस, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि वर टेपवर गाणी इतकी मोठी की हॉर्न ऐकू जायचा नाही.

मोहोळच्या अलीकडं अंधार पडला. येझदीचा दिवा म्हणजे देवघरातली समई. मी मागून एलईडी टाकत होतो आणि मला वाटत होतं, मी मामांना वाट दाखवतोय. पाच मिनिटांत त्यांनी गाडी बाजूला घेतली. "अरे, तुझ्या उजेडानं माझीच सावली माझ्यापुढं पडतीय. मी माझ्याच काळोखात चाललोय. तू हो पुढं." तीन दिवसांत पहिल्यांदाच क्रम बदलला. मी पुढं, मामा माझ्या लाल दिव्याच्या मागं.

आणि पुढच्याच वळणावर ट्रॉली. चालती नव्हे, उभी. टायर फुटलेला, खाली दगड लावलेले, माणूस कुठं दिसेना. मी दोन्ही ब्रेक दाबले ते जिवाच्या भीतीनं, हिशेबानं नाही. लिव्हरमध्ये एबीएसची ती टकटक जाणवली आणि गाडी सरळ रेषेत, उसाच्या पाचटाला हात लागेल इतक्या अंतरावर थांबली. येझदी असती तर मी आज हे लिहीत नसतो, त्यात काव्य नको. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. त्या नियमाला मी त्या वळणावर मनोमन हात जोडले.

मागं वळून पाहिलं. मामा कितीतरी मागं, रस्ता सोडून मातीवर उतरून शांत उभे होते. माझा लाल दिवा भडकलेला दिसण्याआधीच ते उतरले होते म्हणे. "उसाचा वास आला. चालत्या ट्रॉलीचा वास येतो आन् जातो. ह्यो वाढतच चाललाय म्हटलं."

आम्ही बाभळीच्या फांद्या तोडून ट्रॉलीच्या मागं रस्त्यावर टाकल्या, ट्रॅक्टरवाल्याला शोधून चार शब्द सुनावले आणि पुढं निघालो. अंधार पडल्यावर जुनी गाडी घेऊन या रस्त्यांना येऊ नका, एवढंच सांगेन. हंगामात तर नाहीच. आमचीही चूकच झाली, हुरडा नडला.

खर्चाचं विचाराल तर तीन दिवसांत साडेचारशेच्या वर किलोमीटर झाले. येझदीला सोळा लिटरच्या आसपास पेट्रोल लागलं, ऑइल वेगळं. माझ्या गाडीला साडेबारा. वेळेचं म्हणाल तर मी एकटा असतो तर रोज तासभर आधी पोचलो असतो आणि तो तास लॉजवर मोबाइल बघत घालवला असता.

साडेआठला सोलापुरात शिरलो. सात रस्त्याला मामांनी चालत्या गाडीवरच खाली हात घालून पेट्रोलचा कॉक बंद केला. मला माहीत होतं. हल्ली ते नेहमी असंच करतात. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून गाडी आठवडाभर उभी राहिली की ते पाणी ओढतं, कार्बोरेटरच्या वाटीत साचतं, जुन्या रबराला फुगवतं. म्हणून घराच्या अलीकडंच कॉक बंद करायचा आणि वाटीत उरलेलं जाळत घरी पोचायचं. आमच्याच उसाचं इथेनॉल आमच्याच येझदीला सोसत नाही.

अंदाज थोडा चुकला. घर चाळीस पावलांवर असताना येझदी बंद पडली. मामा उतरले. मी माझी गाडी स्टँडवर लावली, स्टँड नीट खाली आलाय ना ते बघितलं आणि मागून धक्का द्यायला गेलो. समोरच्या काकू दोरीवरची धुणी काढत होत्या. आम्हाला ढकलत येताना बघून म्हणाल्या, "बंद पडली होय?"

"न्हाई," मामा म्हणाले, "बंद केली."